मामांचा प्रश्न आणि माझं एक्सेल

परवा भंडाऱ्याहून मामांचा फोन. त्यांची दोन एकर जमीन पडीक आहे, तिथं कोणती झाडं लावावीत? आमच्याकडे जमिनीला नावं असतात : कन्हार, मोरंड, सिहार, बरडी. सिहार रेताड, पण तिच्यात धान होतो. मामांची बरडी, लाल, मुरमाड. मोहाची चार झाडं तेवढी टिकून आहेत.

मग काय, शनिवारी नेटवर बसलो आणि कॅरिबियन पाइन सापडला! निकस, रेताड जमिनीतही झपाझप वाढतो. फिजीत तर त्यावर अख्खा उद्योग उभा आहे. एक्सेलमध्ये हिशोब मांडून मामांना ऐकवला. ते म्हणाले, "त्याचं फूल येचता येते का? पाला ढोरं खातेत का? मंग कायले लावाचं?"

माझ्या एक्सेलमध्ये हे रकानेच नव्हते :-)

गंमत म्हणजे हा प्रश्न आधीच विचारून झालाय. 1970च्या दशकात बस्तरमध्ये (तेव्हा मध्य प्रदेश, आता छत्तीसगड) जागतिक बँकेच्या मदतीनं सालाचं जंगल काढून कागदासाठी हाच पाइन लावायची योजना होती. आदिवासींनी विरोध केला आणि 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ती गुंडाळावी लागली. साल म्हणजे त्यांना बिया, डिंक, पानं, देव. पाइन म्हणजे नुसता लगदा.

पाइनला मुळांशी एक विशिष्ट बुरशी लागते. नव्या देशात ती नसली की रोपं खुरटतात, म्हणून अनेक ठिकाणी बुरशीची माती बाहेरून न्यावी लागली. आपल्या भाषेत, डिपेन्डन्सी मिसिंग! पण माणसांच्या डिपेन्डन्सीज कोण तपासतं?

आणि दोष फक्त परदेशी झाडाचा नाही हं. 1974 साली स्थापन झालेल्या आपल्या वनविकास महामंडळानं विदर्भात मिश्र जंगल तोडून सागवान लावलं. सागवान इथलंच. पण ऐन तुटला की त्यावरचा टसरचा किडा जातो, आणि कोसा पिकवणाऱ्या ढिवराची कमाईही.

उघड्या माळावर कुणी पाइन लावला तर माझी हरकत नाही. पण उभं झाड काढून दुसरं लावायचं असेल, तर आधीचं झाड कुणाकुणाचं पोट भरत होतं ते लिहून काढा. लाकडाचा भाव नंतर.

मामा मोहच लावणार आहेत. फुलं धरायला बरीच वर्षं लागतील. "नातू येचन," म्हणाले.

एक्सेल डिलीट केलं.