रंगाखालचा गंज

"नुसता रंग तर उडालाय, लोखंड शाबूत आहे ना!" असं खिडकीच्या गजांबद्दल म्हणून आपण काम पुढच्या दिवाळीवर ढकलतो. गजांच्या बाबतीत ते खपून जातं. पण मंडळी, आमच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. आशियातल्या मोठ्या कोठारांत त्याची गणना होते. तिथे हा हिशेब महागात पडतो.

तोफगोळ्याचा रंग शोभेसाठी नसतो. पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचू नये, यासाठी असतो. गोळ्याच्या आतूनही वार्निशासारखा थर देतात. काही स्फोटकं धातूला भिडली की त्यांचे अधिक चिडके क्षार बनतात. शंभरेक वर्षांपूर्वी गोळ्यांत पिक्रिक आम्ल भरत, तेव्हा ही भीती फार होती.

हे थर म्हातारे होतात. उन्हाने रंगाची भुकटी होते. लोखंड तापून फुगतं, गार होऊन आकसतं, आणि ताठर झालेला रंग तडकतो. मग ओल शिरते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे पापुद्रे उचलले जातात. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणारा पारा आणि लगेच पावसाळा, असं आमचं हवामान. त्यात लोखंडाचं काय होतं हे विदर्भात कुणाला सांगायला नको.

पण सगळंच रंगाने सावरत नाही. शुद्ध टीएनटी ८० अंशांच्या आसपास वितळतं. त्यात अशुद्ध घटक राहिले असतील तर ते बऱ्याच कमी उष्णतेत तेलकट होऊन सांध्यांतून पाझरतात. वरून कितीही हात मारा, हा पाझर थांबत नाही. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर पुलगावच्या एका शेडला आग लागली. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह १९ जणांचे प्राण गेले. आगरगावच्या लोकांना रातोरात घरं सोडावी लागली. संशयाचं बोट गेलं ते टीएनटी गळणाऱ्या रणगाडाविरोधी सुरुंगांकडे.

त्यानंतर २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव (आबाजी) जवळ, नष्ट करायला आणलेल्या जुन्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते.

माझं म्हणणं एवढंच, की दारूगोळा विकत घेतानाच तो नष्ट करण्याचा खर्च आणि मुदतही ठरवावी. मुदत संपली की तो वेळेवर हलवावा, आणि ते काम शिकलेल्या हातांनीच करावं. पोटासाठी आलेल्या रोजंदारीच्या माणसाला त्या पेट्या उचलायला लावू नयेत. कोणी म्हणेल, या संरक्षणाच्या गुप्त गोष्टी आहेत. कोठारात काय आणि किती आहे, ते गुप्त राहू दे. पण स्फोट झाला तर कुठल्या रस्त्याने पळायचं, हे शेजारच्या गावाला ठाऊक असण्याने शत्रूचा काय फायदा होणार?

नवी तोफ आली की पेपरात फोटो येतो. जुना गोळा सुखरूप निकामी झाला, ही बातमी कुणी छापत नाही. नसेना का. पण त्या कामाला पैसा आणि माणसं कमी पडू नयेत. कारण गंज कुणाच्या मंजुरीची वाट बघत थांबत नाही.