नोट्स हाकलू नका, त्यांवर नाव आणि साल घाला

संपादक महोदय,


नोट्सच्या झेरॉक्स विकणारी दुकाने महाविद्यालयांच्या आसपास असूच नयेत, अशी मागणी करणारे एका निवृत्त प्राचार्यांचे पत्र आपल्या गेल्या रविवारच्या अंकात वाचले. मी तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे. कला-वाणिज्य-विज्ञान आणि विधी अशी दोन्ही महाविद्यालये आमच्या एकाच आवारात आहेत, त्यामुळे चारही शाखांच्या नोट्स माझ्या डोळ्यांखालून जातात. परीक्षा जवळ आली की आमची रीडिंग रूम भरते, पण टेबलांवर ग्रंथालयाची पुस्तके क्वचितच असतात. असतात ती स्पायरल बाइंडिंग आणि मोबाइलमधल्या पीडीएफ. प्राचार्यांची चिडचिड मला कळते. त्यांचा उपाय मात्र पटत नाही.

नोट्स संक्षिप्त असतात, हा काही त्यांचा दोष नव्हे. संक्षेप सगळेच करतात, अगदी सर्वोच्च न्यायालयसुद्धा. केशवानंद भारती खटल्याचा निकाल 24 एप्रिल 1973 रोजी लागला. 13 न्यायमूर्ती, 11 स्वतंत्र निकालपत्रे, शेकडो पाने, आणि शेवटी 7 विरुद्ध 6 असे बहुमत. एवढ्या मजकुरातून नेमके काय ठरले ते सांगणारा छोटासा सारांश त्याच दिवशी तयार झाला. त्यावर 9 न्यायमूर्तींनी सह्या केल्या, चौघांनी केल्या नाहीत. ज्यांनी स्वतः निकाल दिला त्यांचेच सारांशावर एकमत झाले नाही! आमच्या विधी शाखेत फिरणाऱ्या नोट्समध्ये हा सगळा प्रकार दोन ओळींत उरकलेला असतो : ‘घटनेची मूलभूत चौकट संसदेला बदलता येत नाही.’ वाक्य चूक नाही. पण सहा जणांचा विरोध होता, बहुमतातल्या न्यायमूर्तींनीही चौकटीत काय काय येते याच्या वेगवेगळ्या याद्या दिल्या, याचा त्यात मागमूस नसतो. त्या न्यायमूर्तींच्या सारांशाखाली निदान सह्या होत्या. आमच्याकडच्या नोट्स कोणी लिहिल्या, कधी लिहिल्या, कशावरून लिहिल्या, यातले काहीच कळत नाही. माझा आक्षेप आहे तो इथे.

साल नसल्याने काय होते याचे उदाहरण ताजे आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. 511 कलमांची 358 झाली. खुनाची शिक्षा 302 मधून 103 मध्ये गेली, फसवणूक 420 मधून 318 मध्ये. नव्या संहितेत 302 वे कलम आहे, पण ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने काढलेल्या उद्गारांबद्दलचे. जुन्या नोट्स पाठ केलेल्या मुलाने नव्या कायद्याच्या पेपरात ‘खून : 302’ लिहिले, तर त्याला दोष कसा द्यायचा? आणि जुन्या नोट्स रद्दीत घालाव्यात म्हटले, तर तेही बरोबर नाही. 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले आजही जुन्या संहितेखालीच चालतात. म्हणजे दोन्ही नोट्स लागणार. फक्त कोणती कधीची, एवढे पहिल्या पानावर हवे.

वाणिज्य आणि व्यवस्थापनाकडे वेगळीच गंमत. हेन्री फेयॉलची 14 तत्त्वे पाठ नसलेला बी.कॉम.चा विद्यार्थी सापडणे कठीण. खाणीत अभियंता म्हणून कामाला लागून पुढे कंपनीचा कारभार पाहिलेल्या या फ्रेंच गृहस्थाने 1916 मध्ये ती मांडली, तेव्हा स्पष्ट म्हटले होते की तत्त्वांच्या संख्येला काही मर्यादा नाही, आपण अधिक वापरलेली तेवढी देत आहोत. नोट्समध्ये 14 हा आकडा मात्र वेदवाक्य. मानसशास्त्रज्ञ मास्लोचेही तेच. गरजांच्या पाच पायऱ्यांचा जो त्रिकोण वहीत काढून घेतला जातो, तो त्याच्या 1943 च्या मूळ लेखात नाहीच. उलट हा क्रम सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, हे त्याने त्याच लेखात उदाहरणे देऊन सांगितले आहे. लेखकाने स्वतः घातलेली ‘पण’ आणि ‘बहुधा’ नोट्समध्ये आधी गळतात. आधाराचा पत्ता दिलेला असता, तर निदान एखाद्या चिकित्सक मुलीने मूळ लेख उघडून पाहिला असता.

विज्ञानाबद्दल फार लिहीत नाही. 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर बेतलेली आहे, आणि पूर्वी ज्यावर ती बेतलेली होती तो पॅरिसजवळ जपलेला धातूचा दंडगोल अजून आमच्याकडच्या पीडीएफमध्ये सुखाने नांदतो आहे.

इतिहासाचे मात्र वाईट वाटते. 1857 च्या उठावाची कारणे म्हणजे राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी, अशी ठरलेली माळ. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, त्याच धामधुमीत सापडले, झाशीच्या वेढ्यात प्रत्यक्ष होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी 1907 मध्ये छापून आणला. आपल्या मराठीत लिहिलेला, डोळ्यांदेखतचा वृत्तांत! आमच्याकडे त्याच्या प्रती आहेत, आणि त्यांवरच्या इश्यूच्या तारखा पाहिल्या की वर्षानुवर्षे कुणी हात लावलेला नाही हे कळते. मुलांना वाचायचे नसते असे कुणी म्हणेल. मी म्हणेन, तो वाचून एकही गुण वाढत नाही हे मुलांना नेमके ठाऊक असते.

आता बंदीबद्दल. बंदीचा फटका कुणाला बसेल, याचा प्राचार्यांनी विचार केलेला दिसत नाही. दहावी-बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी विधी शाखेत येते, तेव्हा तिच्यासमोर इंग्रजी संदर्भग्रंथांची भिंत उभी असते. मराठीत पदवीच्या दर्जाची पुस्तके व्हावीत म्हणून महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने एके काळी काम केले, मुक्त विद्यापीठाची अभ्यासपुस्तके आहेत, पण कायद्याचे नवे पुस्तक मराठीत हवे तेव्हा मिळत नाही. अशा वेळी कुणा सीनियरने मराठीत उतरवलेल्या नोट्स हाच तिचा आधार. त्या काढून घेतल्यावर तिच्या हातात काय द्यायचे?

झेरॉक्सच्या दुकानावर सरसकट राग धरण्याचेही कारण नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स केंद्राविरुद्ध तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी 2012 मध्ये दावा लावला. शिकवण्याच्या गरजेपुरते पुस्तकांतल्या पानांचे गठ्ठे छापून देणे कॉपीराइट कायद्याला मान्य आहे, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये घेतली. त्या गठ्ठ्यांत मूळ लेखकांची मूळ पाने होती, हा आमच्याकडच्या नोट्सहून मोठा फरक. तसे गठ्ठे आमच्या प्राध्यापकांनीही करून द्यावेत, दुकानदार ते आनंदाने छापेल.

माझ्या मागण्या साध्या आहेत. महाविद्यालयात वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक नोट्सवर लिहिणाऱ्याचे नाव, साल आणि कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानांवरून घेतले ते असावे. आमच्या ग्रंथालयात आम्ही हे सुरू केले आहे, त्याशिवाय नोट्स फाइलला लागत नाहीत. काही प्राध्यापकांनी त्या नीट करून आणल्या, काहींनी परत नेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत.

दुसरी मागणी प्रश्नपत्रिकेची. ‘टिपा लिहा, कोणत्याही तीन’ असे विचारायचे आणि मुले नोट्स पाठ करतात म्हणून कपाळाला हात लावायचा, हे एकाच वेळी कसे चालेल? गोडसे भटजींचा एखादा उतारा छापा आणि त्यावरून तेव्हाच्या सैन्यातल्या शिस्तीबद्दल काय दिसते ते विचारा. न दाखवलेल्या निकालातला परिच्छेद द्या आणि त्यातला बंधनकारक भाग कोणता ते विचारा. एखाद्या लहान दुकानाचा ताळेबंद द्या. अशा पेपरला नोट्स उपयोगी पडतील, पण पुरणार नाहीत.

प्रश्नपत्रिकांचे स्वरूप अभ्यास मंडळे ठरवतात, झेरॉक्सवाला ठरवत नाही. प्राचार्य महोदयांनी पुढचे पत्र त्या मंडळांना लिहावे, माझी सही त्याखाली असेल.

आपला,
एक ग्रंथपाल
(नाव व पत्ता छापू नये, ही विनंती)