घरात इम्पॅक्ट ड्रायव्हर घेण्याआधी



आगोटीची कामे सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोख बदलतो. पत्रे आवळायचे असतात, खिडकीची निखळलेली झडप बसवायची असते, माळ्यावरची फळी पक्की करायची असते. मिस्त्री या दिवसांत हाताला लागत नाही. मग घरातल्या कोणाला तरी वाटते की आपणच एक मशीन घ्यावी. "भाऊ कुवेतहून येतोय, बॅटरीवरचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मागवू का?" असा प्रश्न हल्ली वरचेवर येतो.

आमचे उत्तर आधीच सांगतो. घरातली ही पहिलीच मशीन असेल आणि मुख्य काम भिंतीत भोके पाडण्याचे असेल, तर इम्पॅक्ट ड्रायव्हर मागवू नका. लाकूड, प्लायवुड आणि पत्रा यांत स्क्रू आवळण्याचे काम नेहमी निघत असेल, तर जरूर घ्या. या दोन वाक्यांतला फरक न समजल्यामुळे पुष्कळ घरांत मशीन कपाटावर पडून राहते आणि घामाचा पैसा अडकतो.

नावाचा घोळ

दुकानात 'इम्पॅक्ट' या शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. 'इम्पॅक्ट ड्रिल' म्हणजे ज्याला आपण हॅमर ड्रिल म्हणतो ती मशीन. तिचा ठोका पुढच्या दिशेने, बिटाच्या टोकावर पडतो, म्हणून वीट आणि सिमेंट फुटते. 'इम्पॅक्ट ड्रायव्हर'चा ठोका गोल फिरण्याच्या दिशेने पडतो. त्याने स्क्रू आवळला जातो, भिंत फुटत नाही. एका शब्दाच्या फरकाने चुकीची पेटी घरी येते.

पेटीवरची अक्षरे वाचली तर फसगत टळते. बॉशच्या मशीनवर 'जीडीआर' असेल तर तो इम्पॅक्ट ड्रायव्हर, 'जीएसबी' असेल तर भिंतीचा इम्पॅक्ट ड्रिल आणि 'जीएसआर' असेल तर साधा ड्रिल-ड्रायव्हर. माकिताच्या बॅटरीवरच्या १८ व्होल्ट मशीनमध्ये 'डीटीडी' हा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि 'डीएचपी' हा हॅमर ड्रिल. आणखी सोपी खूण म्हणजे तोंड. इम्पॅक्ट ड्रायव्हरला तीन जबड्यांचा चक नसतो. पाव इंची सहा कोनी खाच असते, तिची कडी पुढे ओढून बिट आत सारायचे. पुढे चौकोनी दांडा दिसला तर तो इम्पॅक्ट रेंच, म्हणजे गाडीच्या चाकाचे नट खोलणारी मशीन. घरकामात तिची गरज नाही.

आत काय घडते

आतल्या मोटरपुढे स्प्रिंगने दाबून धरलेला एक छोटा हातोडा असतो आणि त्याच्यापुढे एक ऐरण. स्क्रू सहज जात असतो तोवर सगळे एकत्र फिरते. स्क्रू अडला की हातोडा मागे सरकतो, सुटतो आणि ऐरणीवर आडवा ठोका देतो. मिनिटाला असे हजारो ठोके बसतात. तोच तो 'कटकटकट' आवाज.

याचा मोठा फायदा मनगटाला होतो. साधा ड्रिल-ड्रायव्हर स्क्रूत अडकला की पूर्ण मशीन हातात गर्रकन फिरते आणि मनगट मुरगळते. इम्पॅक्ट ड्रायव्हरचा जोर तुटक ठोक्यांतून जात असल्यामुळे हाताला तसा हिसका बसत नाही. म्हणून ज्यांच्या हातात फार जोर नाही, अशा भगिनींना आणि वयस्कर मंडळींनाही तो झेपतो. घरातले दुरुस्तीचे काम फक्त पुरुषांचे, हा समज सोडायला ही मशीन चांगले निमित्त आहे.

तोटाही याच रचनेत आहे. ड्रिल-ड्रायव्हरला चकामागे आकडे लिहिलेली कडी असते. ठरवलेल्या जोरावर ती कट्ट करून थांबते. इम्पॅक्ट ड्रायव्हरला बहुधा अशी कडी नसते. ट्रिगर दाबून ठेवला तर तो स्क्रूचे डोके खाईल, प्लायची कड फाडेल. तयार येणारी पार्टिकल बोर्डाची कपाटे, बिजागरीचे बारीक स्क्रू, वीज बोर्डाच्या प्लेटचे स्क्रू, ही सगळी कामे हातातल्या पेचकसानेच करावीत.

आपल्या घरात काम कोणते?

एका कागदावर गेल्या वर्षभरात मिस्त्रीला कशासाठी बोलावले ते लिहून काढा. पडद्याचा रॉड, गीझर, भिंतीवरचे घड्याळ, कपडे वाळवायची दोरी अशी यादी निघाली, तर सगळे काम भिंतीचे आहे. त्यासाठी वायरवर चालणारा १३ मिलिमीटरचा हॅमर ड्रिल पुरेसा आहे. त्यात बॅटरी नाही, म्हणून काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्चही नाही. बीम आणि कॉलमच्या काँक्रीटमध्ये मात्र तोही दमतो. तिथे रोटरी हॅमरवाला बोलवावा. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या भिंतीत हॅमर बंद ठेवून नुसते फिरवून भोक पाडावे, नाहीतर गिट्टी सैल बसते.

यादीत जुना लाकडी पलंग, माळ्याची फळी, कोंबड्यांचा खुराडा, पडवीची लाकडी चौकट, गोठ्याचे पत्रे असतील, तर इम्पॅक्ट ड्रायव्हर आपली किंमत वसूल करून देईल. कोकणातल्या घरांत ही यादी लांबच असते.

पत्र्याच्या कामाबद्दल थोडे अधिक. लोखंडी पाइपावर पत्रा बसवण्याचे स्वतः भोक पाडणारे स्क्रू मिळतात. त्यांचे डोके सहा कोनी, बहुधा ८ मिलिमीटरचे, आणि खाली रबराचा वायसर. त्यासाठी चुंबकवाला ८ चा सॉकेट बिट घ्या. स्क्रू पाइपात शिरेपर्यंत ठोक्यांची गरज नसते. डोके पत्र्याला टेकले की ट्रिगर सोडा. रबर किंचित दबले पाहिजे. ते चिरडून बाहेर आले तर पहिल्याच पावसात तिथून पाणी गळणार. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांना मात्र भोक पाडू नये. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. असे पत्रे पायाखाली फुटतातही, म्हणून त्यांवर चढूही नये.

आकड्यांची भाषा

व्होल्ट: एका लिथियम सेलचे व्होल्टेज साधारण ३.६ असते. तीन सेल जोडले की १०.८ आणि पूर्ण भरल्यावर १२ च्या वर, म्हणून पेटीवर '१२'. पाच सेल म्हणजे १८ आणि पूर्ण भरल्यावर २० च्या वर, म्हणून कोणी '१८' लिहितो, कोणी '२० मॅक्स'. दोन्ही एकच. बाजारात स्वस्त मशीनवर ४८, ८८ असे आकडे दिसतात. बॅटरीत पाचच सेल असतील तर स्टिकरवर काहीही लिहिले तरी ती १८ चीच. मापात खोट करणाऱ्याबद्दल आपल्या दीनचे म्हणणे आपल्याला ठाऊक आहेच. पण माप वाचायला शिकणे ही गिऱ्हाइकाचीही जबाबदारी आहे.

टॉर्क: म्हणजे पिळाची ताकद, न्यूटन-मीटरमध्ये. एक मीटर लांब पाना घेऊन त्याच्या टोकाला १५ किलोची पिशवी टांगली तर जेवढा पीळ बसेल, तो साधारण १५० न्यूटन-मीटर. चांगले १२ व्होल्टचे इम्पॅक्ट ड्रायव्हर १०० च्या आसपास देतात, १८ व्होल्टचे १५० आणि पुढे. घरच्या कामाला १०० पुष्कळ झाले. १२ ची मशीन हलकी असते, अरुंद कपाटातही शिरते. वर्षातून दोनदा छपरावर चढणार असाल किंवा चार इंची स्क्रू सागात घालणार असाल, तरच १८ चा विचार करा.

अँपिअर-अवर: ही टाकीची क्षमता. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणले की बॅटरीतली एकूण ऊर्जा वॅट-अवरमध्ये मिळते. १८ गुणिले २ म्हणजे ३६. घरासाठी २ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या एका मोठ्या बॅटरीपेक्षा बऱ्या. एक कामात, एक चार्जवर.

मोटर: ब्रशलेस मोटरमध्ये कार्बन घासत नाही, बॅटरी जास्त पुरते, किंमतही जास्त. महिन्यातून एकदा चालणाऱ्या मशीनला कार्बनवाली मोटरही वर्षानुवर्षे चालते.

आखातातून आणताना

सुटी बॅटरी विमानाच्या चेक-इन सामानात टाकता येत नाही. ती हातातल्या बॅगेत, टोके झाकून न्यावी लागते. मशीन मात्र चेक-इनमध्ये. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी साधारणपणे चालते. १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवर म्हणजे ९०, ती बसते. ६ ची म्हणजे १०८, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. चार्जरवर २२० ते २४० व्होल्ट छापले आहे ना, ते पाहा. दुबई-कुवेतच्या चार्जरची पिन तीन चपट्या दांड्यांची असते, तिला अ‍ॅडॉप्टर लागेल. तिथली वॉरंटी इथे चालेल का, हे घेण्याआधीच लेखी विचारा.

इथेच घेत असाल तर जिल्ह्याच्या गावी सर्व्हिस सेंटर आहे का, सुटी बॅटरी मिळते का, हे दोन प्रश्न किमतीच्या आधी विचारा. काही जाहिरातींतली स्वस्त किंमत नुसत्या मशीनची असते. बॅटरी आणि चार्जर वेगळे. भिंतीचीही कामे असतील तर त्याच बॅटरीवर चालणाऱ्या हॅमर ड्रिलसह जोडी घ्यावी. मशीन हातात घ्या आणि ट्रिगर हळू दाबून ती हळू फिरते का, ते पाहा. थोडे पैसे चांगल्या बिटांसाठी राखून ठेवा. साधी बिटे या ठोक्यांनी तुटतात. 'इम्पॅक्ट' छापलेलीच घ्या.

हप्त्याचा प्रश्न

'नो कॉस्ट ईएमआय' पाहून मन वळते. यात बहुधा असे होते: बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट देतो. व्याज नाहीसे होत नाही, ते बिलाच्या आड जाते. व्याजावरचा जीएसटी बरेचदा आपल्याच खात्यातून कापला जातो. हा व्यवहार व्याजाच्या कराराचा आहे का, हे आपल्या विश्वासातल्या आलिमांना बिल दाखवून विचारावे. आमचे मत एवढेच, की पेचकसाने काम भागत असताना स्क्रू आवळायच्या मशीनसाठी अशा संशयात पडू नये. चार महिने पैसे बाजूला टाका, नंतर रोखीने घ्या.

वापरताना

चष्मा घातल्याशिवाय ट्रिगर दाबू नका. तुटलेल्या बिटाचा तुकडा डोळ्यात जातो. आवाज ८५ डेसिबलच्या वर सहज जातो, म्हणून कानात बोळे घाला. ओढणी, दुपट्टा, कुर्त्याची सैल बाही बांधून घ्या. सागात आधी बारीक भोक, मग स्क्रू. बिट बदलताना बॅटरी काढा. बॅटरी बंद गाडीत किंवा उन्हात ठेवू नका, फुगलेली बॅटरी चार्ज करू नका आणि कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, दुकानदाराला विचारा. शेजाऱ्यांच्या कैलूल्याच्या वेळी आणि इशानंतर मशीन चालवू नका. शेजाऱ्याचा हक्क भिंतीपलीकडेही असतो.

हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे की प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. आपली पादत्राणे आणि कपडेही ते स्वतः दुरुस्त करत. आपल्या हाताने घर नीट करण्यात कमीपणा नाही. पण म्हणून मिस्त्रीची रोजी तोडायचीही गरज नाही. छपराचे मोठे काम, नवे कपाट, वीज आणि नळाची लाइन ही त्याची कामे त्यालाच द्या आणि घाम सुकण्याआधी मजुरी द्या. एखादे हँडल आपण आवळले तर त्यालाही त्या दोन रुपयांच्या स्क्रूसाठी खेप पडत नाही.

राहिली एक गोष्ट. सूरह माऊनच्या शेवटी रोजच्या वापराच्या साध्या वस्तू नाकारणाऱ्यांची निंदा आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी त्या वस्तूंत हंडी, डोल आणि कुऱ्हाड मोजली आहे. आजच्या मोहल्ल्यात ही मशीन त्याच रांगेत बसते. चार घरांनी मिळून एक घेतली तरी चालेल. कोणाकडे गेली ते वहीत लिहावे आणि नेणाऱ्याने ती अमानत समजून बॅटरी भरून परत करावी. शेजारच्या विधवा चाचीच्या दरवाज्याची बिजागरी आपल्या मशीनने बसली, तर त्या मशीनची खरी किंमत तिथे वसूल झाली, इन्शाअल्लाह.