हरसूलच्या मुलांस वाट कोणी दाखवावी?

हरसूलकडील आदिवासी मुलास आश्रमशाळा मिळाली. परंतु पुढे काय, हे सांगणारा कोठे आहे? मग मास्तरकी, पोलीस-भरती किंवा द्राक्षबागेतील मजुरी, एवढ्यांतच बहुतेकांची निवड संपते. याच मुलखातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीचे कांस्यपदक जिंकिले. गुण पाड्यापाड्यांत आहेत. ते हेरणारी दृष्टि दुर्मिळ. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांत विद्यावेतनासह शिकण्याची सोय केली. पण पाड्यावर कोणी न सांगितलेला कायदा असून नसल्यासारखाच! म्हणून सरकारास आमचे सांगणे इतकेच कीं, दहावीपूर्वीच कारागीर, परिचारिका, वनरक्षक यांस आश्रमशाळेत आणून मुलांशी बोलते करावे. निवडीवांचून स्वराज्य अपुरेच होय.