मुख्याध्यापकाची पैसेवारी कोण काढणार?



नजरअंदाज पैसेवारी कशी निघते हे तुम्हाला सांगायला नको. सडकेच्या कडेचे हिरवे रान दिसते. आतल्या मुरमाड वावरातली गळलेली बोंडे दिसत नाहीत. शाळेची पैसेवारीही अशीच निघते. रंगवलेली भिंत दिसली की मुख्याध्यापक कर्तबगार!

२०१५ साली 'शाळा सिद्धी' आली. सात क्षेत्रे, ४६ मानके, त्यात शाळेचे नेतृत्व हे एक स्वतंत्र क्षेत्र. कल्पना वाईट नव्हती. पण स्वयंमूल्यमापनाचे रकाने भरायचे शाळेनेच, म्हणजे बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकानेच. पीक कापणी प्रयोगाचे आकडे आपल्याच हाताने लिहून दिले, तर विमा कंपनी मानील काय?

शेतकी कॉलेजात आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो. ज्वारीचे दोन वाण ताडून पाहायचे तर जमीन सारखी हवी. नाहीतर काळ्या भारी जमिनीचे श्रेय बियाण्याला जाते. तालुक्याच्या गावची शाळा आणि दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघून जातात ती तांड्यावरची शाळा, यांचे निकाल शेजारी मांडून मुख्याध्यापक जोखणे हा शुद्ध अन्याय आहे. याच शाळेतल्या मुलांना जूनमध्ये काय येत होते आणि मार्चमध्ये काय येते, एवढेच विचारावे.

मुख्याध्यापकाने फरक पडतो, हे मात्र खरे. कॅनडाचे केनेथ लेथवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मांडले की, शाळेच्या आतल्या गोष्टींपैकी मुलांच्या शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम वर्गातल्या शिकवण्याचा, आणि त्याच्या खालोखाल नेतृत्वाचा. पण आपल्याकडे? शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला पट १५० च्या वर असेल तरच वेगळा मुख्याध्यापक. बाकी ठिकाणी दोन शिक्षकांतला एक प्रभारी. वर्ग त्याच्याकडे, खिचडीच्या तांदळाचा हिशेब त्याच्याकडे, वरून मागवलेली माहितीही त्यानेच भरायची. त्याला मोजण्याआधी त्याच्या हाती दिवसाचे किती तास उरतात ते मोजा.

गेल्या वेचणीच्या हंगामात आम्ही एका शाळेत गेलो. हजेरीपटावर सातवीच्या बारा मुली हजर, वर्गात पाच. उरलेल्या कुठे हे विचारावे लागले नाही. येताना वाटेत कमरेला ओटी बांधून कापूस वेचताना दिसल्या होत्या. वावरे आपलीच होती, भावांनो. मजुरी परवडत नाही म्हणून पोरीला वावरात नेणारा बाप आपल्यातलाच. तो दोष मुख्याध्यापकाच्या माथी मारता येणार नाही. पण गैरहजर पोरीला हजर लिहिणे, हा दोष त्याचाच. खरा मुख्याध्यापक संध्याकाळी त्या सात घरी गेला असता, आणि वेचणी संपल्यावर त्यांचा बुडालेला अभ्यास कोण भरून काढणार हे त्याने शिक्षकांत ठरवून घेतले असते. हे कुठल्या रकान्यात बसते?

२००९ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात. बहुतेक ठिकाणी आपण सही करून परततो. यंदा एक वही घाला. जूनमध्ये प्रत्येक मुलाकडून एक पान वाचून घ्या, मार्चमध्ये पुन्हा घ्या. वेचणीच्या दिवसांत पट नव्हे, डोकी मोजा. मास्तर बाहेरच्या कामाला किती दिवस गेले ते तारखेनिशी लिहा, आणि पोरी किती दिवस वावरात होत्या तेही. मुख्याध्यापकालाही ती वही दाखवा. मार्चनंतरच्या जिल्हा बैठकीला येताना ती बरोबर आणा. आम्ही गावागावांच्या वह्या शेजारी ठेवून वाचणार आहोत.