दोन वर्षांनी हे गाणं उघडेल का?

कॉलेजच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत आज कुठे तयार होतं? मोठ्या स्टुडिओत क्वचितच. हॉस्टेलच्या खोलीत, एका लॅपटॉपवर, बहुतेकदा रात्री दोननंतर. व्हायोलिनचा ताफा हवा असेल तर प्लग-इन, तबला हवा असेल तर प्लग-इन, विहिरीत घुमल्यासारखा आवाज हवा असेल तर त्याचंही प्लग-इन. प्रयोग होतो, करंडक मिळतो किंवा हुकतो. दोन वर्षांनी ग्रुपमधला कुणीतरी म्हणतो, ‘अरे, तेच म्युझिक जरा बदलून शॉर्टफिल्मला वापरू ना!’ तुम्ही जुनी फाइल उघडता आणि स्क्रीनवर पाटी झळकते: प्लग-इन सापडत नाही. सगळे सूर जागच्या जागी दिसतायत, पण ऐकू काहीच येत नाही.

याचं कारण साधं आहे. म्युझिक सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये गाणं नसतं, गाण्याची रेसिपी असते. कुठला सूर कधी वाजवायचा, कुठल्या प्लग-इनने, कुठल्या सेटिंगवर, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष आवाज प्लग-इन दर वेळी नव्याने तयार करतं. माइकवर रेकॉर्ड केलेलं गाणं तेवढं खरंखुरं जमा असतं. पण त्यावर चढवलेला रिव्हर्ब आणि कॉम्प्रेशन मात्र पुन्हा प्लग-इनच्याच हवाली. म्हणजे प्लग-इन गेलं की गाण्याचा मोठा हिस्सा गेला. आणि प्लग-इन जायला हल्ली लॅपटॉप बिघडावाच लागतो असं नाही.

2023 च्या मार्चमध्ये काय झालं ते बघा. ‘वेव्ह्ज’ ही इस्रायली कंपनी या धंद्यातलं जुनं आणि बडं नाव, अनेक व्यावसायिक स्टुडिओंत तिची प्लग-इन्स सापडतील. 26 मार्चला तिने जाहीर केलं, की आता एकदा पैसे भरून कायमचं प्लग-इन घेता येणार नाही, फक्त सबस्क्रिप्शन. सगळ्यात स्वस्त योजना महिन्याला 14.99 डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने साधारण बाराशे रुपये. ज्यांनी आधीच हजारो रुपये मोजले होते, त्यांची प्लग-इन्स लगेच बंद पडणार नव्हती. पण ती अपडेट करून घेण्याची सोयही काढून घेतली गेली होती. जगभरचे संगीतकार आणि साउंड इंजिनीअर असे काही खवळले, की कंपनीने तीन-चार दिवसांत माघार घेतली आणि कायमस्वरूपी लायसन्स परत आणलं.

ग्राहक जिंकले, छान. पण या प्रकरणात उघड झालेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ‘विकत घ्या’ या बटणावर क्लिक करून तुम्ही वाद्य घेत नाही, वापरायची परवानगी घेता. बाजारातून आणलेली हार्मोनियम दुकान बंद पडलं तरी वाजते. प्लग-इनचं तसं नाही.

कंपन्यांची बाजूही आहे, ती उडवून लावण्यासारखी नाही. ऑपरेटिंग सिस्टीम दर वर्षी बदलते आणि प्रत्येक बदलानंतर जुनं प्लग-इन तपासावं, दुरुस्त करावं लागतं. एकदाच मिळालेल्या पैशांत हे किती वर्षं करायचं? अॅपलने 2019 मध्ये मॅकओएस कॅटालिना आणलं आणि 32-बिट सॉफ्टवेअर चालवणं पूर्ण थांबवलं. ज्यांचे निर्माते तोवर धंदा गुंडाळून बसले होते, ती प्लग-इन्स तिथेच संपली. सबस्क्रिप्शनमुळे या देखभालीला नियमित पैसा मिळतो, हे खरंच. एका महिन्याच्या कामापुरतं महागडं प्लग-इन भाड्याने घेणं तुम्हालाही परवडू शकतं. माझा आक्षेप भाड्याला नाही, भाडं हाच एकमेव पर्याय ठेवण्याला आहे.

आता दोन सिंथेसायझर प्लग-इन्सची गोष्ट. ‘अल्केमी’ हे कॅमल ऑडिओ या छोट्या ब्रिटिश कंपनीचं अत्यंत लाडकं वाद्य. 2015 च्या जानेवारीत कंपनीने अचानक विक्री थांबवली. मागोमाग कळलं की अॅपलने तिला विकत घेतलंय. त्याच वर्षी अल्केमी नव्या रूपात अॅपलच्या लॉजिक प्रोमध्ये आलं. मॅकवाल्यांची चंगळ झाली, विंडोजवाल्यांच्या हातात जुनी प्रत उरली. (अॅपलने हे आधीही केलं होतं. 2002 मध्ये लॉजिक बनवणारी एमॅजिक कंपनी घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद केलं.)

दुसरं ‘सर्ज’. हेही पैसे देऊन घ्यावं लागणारंच प्लग-इन होतं. पण 2018 मध्ये त्याच्या निर्मात्याने त्याचा सगळा कोड खुला करून टाकला. जगभरच्या स्वयंसेवकांनी ते हातात घेतलं, आणि आज ‘सर्ज एक्सटी’ विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर फुकट चालतं. उद्या त्यातल्या दहा जणांनी काम सोडलं तरी अकरावा ते पुढे नेऊ शकतो. निर्माते बदलले तरी वाद्य जगतं ते असं.

प्लग-इन आणि सॉफ्टवेअर यांना जोडणाऱ्या भाषेबद्दलही अशीच ओढाताण चालू आहे. 1996 मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी हा फॉरमॅट आणला आणि तो इतरांनाही वापरू दिला. घरबसल्या संगीत करणं शक्य झालं, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा. मात्र चावी कंपनीकडेच राहिली. 2018 मध्ये तिने जुन्या व्हीएसटी-2 चे नवे परवाने देणं थांबवलं, तेव्हा नव्या डेव्हलपरपुढे तो रस्ताच बंद झाला. मग 2022 मध्ये बर्लिनच्या बिटविग आणि यू-ही या कंपन्यांनी ‘क्लॅप’ नावाचा पूर्णपणे खुला फॉरमॅट काढला. आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये स्टाइनबर्गनेही व्हीएसटी-3 खुल्या एमआयटी परवान्याखाली आणलं. तुमच्या लॅपटॉपवर त्या दिवशी काहीच बदललं नसेल. पण एखादं छोटं प्लग-इन बनवू पाहणाऱ्या इंजिनीअरिंगच्या पोरापोरींना आता कुणाशी करार करत बसायला नको. संबळ, हलगी, चौंडकं यांची नीट सँपल केलेली वाद्यं बनवायची असतील तर ती बहुधा अशाच कुणाकडून येतील; मोठ्या कंपन्यांना तेवढ्या बाजारात रस कशाला असेल?

‘एवढं डोकं कशाला लावायचं, क्रॅक टाक की!’ हा सल्ला प्रत्येक हॉस्टेलमध्ये फुकट मिळतो. 2019 मध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीने ‘लाउडमायनर’ नावाचा मालवेअर उघड केला. तो नेमका म्युझिक सॉफ्टवेअर आणि प्लग-इन्सच्या चोरीच्या प्रतींमधून पसरत होता आणि लोकांच्या कॉम्प्युटरवर गुपचूप क्रिप्टोकरन्सी काढत होता. सावज हुशारीने निवडलेलं: मिक्सिंग करताना लॅपटॉपचा पंखा नेहमीच बोंबलतो, मग संशय कुणाला येणार? शिवाय कॉपीराइट कायद्याचं कलम 63-ब आहेच. चोरीची प्रत आहे हे माहीत असताना ती वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून दंड 50 हजारांपर्यंत ठेवू शकतं. पण एकांकिकेसाठी टाकलेलं क्रॅक उद्या पैसे मिळणाऱ्या जिंगलमध्ये वापरलंत, की तो आडोसाही गेला.

मग करायचं काय? आधी तुमच्या सॉफ्टवेअरसोबत येणारी प्लग-इन्स पिळून वापरा. बहुतेकांना इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर विकत घ्यायची गरजच नसते. सिंथसाठी सर्ज एक्सटी किंवा ‘व्हायटल’ची फुकट आवृत्ती भरपूर झाली. पैसे घालायचेच तर रोज लागणाऱ्या एखाद-दुसऱ्या प्लग-इनवर घाला, आणि घेण्याआधी पाहा की ते इंटरनेटशिवाय चालतं का, किती मशीनवर चालतं, आणि लॅपटॉप फॉरमॅट करण्याआधी लायसन्स मोकळं करावं लागतं का.

आणि गाणं पूर्ण झालं त्याच रात्री, झोपायच्या आधी, प्रत्येक ट्रॅक वेगवेगळा डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये काढून ठेवा. सगळ्यांची सुरुवात शून्य सेकंदापासून असू द्या, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक टाकले तरी जुळतील. गायकाच्या आवाजाची इफेक्ट नसलेली प्रतही ठेवा. वाद्यांच्या मिडी फाइल, आणि एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये गाण्याची लय, पट्टी, प्लग-इन्सची नावं आणि त्यांच्या आवृत्त्या. तीन मिनिटांच्या वीस ट्रॅकला जागा लागते जेमतेम एक जीबी. पेनड्राइव्हवर एक प्रत, क्लाउडवर दुसरी.