एका रांगेत तीन पिढ्या
परदेशी अ‍ॅनिमेशनपट लहान मुलांना कळतील का, असं पालक विचारतात. मी त्यांना झ्देनेक मिलर यांचं उदाहरण देतो. १९५७ मध्ये पडद्यावर आलेल्या आपल्या ‘क्रतेक’ या कार्टूनपात्राला या चेक चित्रकाराने पुढे जवळजवळ अबोल केलं. उरले ते हुंकार आणि हसू, तेही त्यांच्याच मुलींच्या आवाजात. म्हणूनच तो देशोदेशीच्या पोरांचा झाला. मायकल डुडॉक डी विट यांच्या २००० सालच्या ‘फादर अँड डॉटर’मध्येही संवाद नाहीत. जेमतेम आठ मिनिटांत, निघून गेलेल्या वडिलांच्या ओढीने सायकलवरून पुन्हा पुन्हा पाण्याच्या काठावर येणारी मुलगी म्हातारी होते. नातवाला सायकल दिसते, आजीला वाट पाहणं. असे लघुपट मोबाइलवर एकट्याने नकोत. अंधाऱ्या सभागृहात, शेजारच्याचा हात धरून, अख्ख्या घराने पाहावेत.